हॉर्नचा आवाज बसलाय? नवा घेण्याआधी हे तपासा



गटाच्या बैठकीला, डेअरीवर, दवाखान्यात आता आपल्यातल्या कितीतरी जणी मोटारसायकलवरून जातात. कुणी स्वतः चालवते, कुणी मागे बसते. गाडी बहुतेक घरातली जुनीच. तिचा हॉर्न एका दिवसात बंद पडत नाही, हळूहळू बसत जातो. रोज ऐकून आपल्या कानाला त्याची सवय होते. पण ऊस डोक्याच्या वर गेला की वळणापलीकडचा ट्रॅक्टर दिसत नाही, आणि त्याच्या इंजिनाच्या आवाजात आपला बारीक हॉर्न त्याला ऐकू जात नाही. म्हणून आज हॉर्नबद्दल बोलू.

हॉर्नच्या पोटात एक पातळ पत्रा असतो. वीज आली की तो थरथरतो आणि आवाज होतो. वीज कमी पोहोचली किंवा पत्रा अडकला, की आवाज बसतो. दोष शोधायचा तो याच क्रमाने.

पहिली बॅटरी. इंजिन बंद ठेवून, चावी चालू करून हॉर्न वाजवा. मग गाडी चालू करून थोडी रेस देऊन वाजवा. रेस दिल्यावर आवाज सुधारला, तर बॅटरी उतरलेली आहे असं समजा. इंडिकेटरही मंद लागत असेल तर संशय पक्का. मल्टीमीटर असेल तर गाडी बंद असताना १२ व्होल्टच्या बॅटरीत साधारण साडेबारा व्होल्ट दिसायला हवेत. रेस दिल्यावर आकडा वाढला नाही, तर चार्जिंगचा दोष आहे, तो गॅरेजमध्येच दाखवा. पाण्याची बॅटरी असेल तर पाणी दोन रेघांच्या मध्ये हवं. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचं किंवा नळाचं नाही. आत आम्ल असतं, म्हणून डोळे आणि साडी सांभाळा, जवळ विडी-काडी पेटवू देऊ नका.

दुसरं, जोड. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी उणे वायर काढा, मग अधिक. पॉलिश पेपरने टोकं घासा. लावताना उलट, आधी अधिक, मग उणे. वरून थोडं व्हॅसलीन लावा. हॉर्नच्या दोन्ही पिनाही काढून, घासून, घट्ट बसवा. जुन्या गाडीत बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं.

तरी आवाज येत नसेल, तर हॉर्नच्या पिना काढा आणि दोन सुट्या वायरींनी हॉर्न थेट चांगल्या बॅटरीला जोडून बघा. वायरी आधी हॉर्नला लावा, बॅटरीला शेवटी. उघडी टोकं एकमेकांना लागू देऊ नका. आता हॉर्न खणखणीत वाजला, तर तो चांगला आहे. दोष बटणात किंवा वायरिंगमध्ये आहे. हँडलवरच्या बटणात धूळ आणि गंज साचतो, मेकॅनिककडून ते उघडून साफ करून घ्या.

थेट जोडूनही आवाज बारीकच असेल, तर दोष हॉर्नमध्ये. तोंडात चिखल किंवा कुंभारमाशीचं घर आहे का बघा. मग हॉर्नवरचा छोटा स्क्रू शोधा. त्याची मूळ जागा खुणेने लक्षात ठेवा आणि एका वेळी पाव आटाच फिरवा. प्रत्येक वेळी क्षणभरच वाजवून ऐका. मधला मोठा नट मात्र हलवू नका. एवढं करूनही सुधारला नाही, तरच नवा घ्या.

नवा घेताना बॅटरीचे व्होल्ट सांगा. फार जुन्या काही गाड्यांना ६ व्होल्टची बॅटरी असते, तिथे १२ व्होल्टचा हॉर्न नीट वाजणार नाही. आणि पोरं प्रेशर हॉर्न लावू म्हणाली तर नको म्हणा. तो नियमात बसत नाही.

मैत्रिणींनो, गटाने मिळून एक मल्टीमीटर घेतला तर सगळ्यांच्या गाड्या तपासता येतील. गॅरेजमध्ये गेलात तरी “हॉर्न बदला” म्हणण्याऐवजी “बॅटरी बघितली, जोड साफ केले, आता बटण बघा” असं सांगता येईल. नको तो खर्च तिथेच वाचतो. आज संध्याकाळी गाडी घरी आली की चावी चालू करा आणि एकदा हॉर्न वाजवून बघा. अंगणाच्या टोकाला पोराला उभं करा आणि त्याला विचारा, नीट ऐकू आला का.