थंडीपूर्वीचे खत
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मार्गशीर्षाची थंडी पडू लागली की जालना जिल्ह्यातील शाळांच्या पटांगणांवरील हरळी पिवळी पडते. ती मरत नाही. वरची वाढ थांबवून मुळांतील साठ्यावर जगते. काळ्या रानातून जी खणून काढता काढता शेतकऱ्यांच्या पिढ्या खपल्या, तीच हरळी उष्ण प्रदेशांतील गोल्फच्या मैदानांवर लाडाकोडाने वाढविली जाते, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे. थंड देशांतील मैदानांवर गवताच्या जाती वेगळ्या असतात. तेथील अनेक माळी हिवाळ्याच्या तोंडी सावकाश लागू पडणारे सेंद्रिय खत घालतात. पाती वाढायची थांबली तरी जमिनीत काही दिवस ऊब असते, मुळे काम करीत असतात. उरलेले खत वसंतापर्यंत जमिनीतच राहते. खेळाच्या मैदानाचा हा थाट जालन्याला परवडणारा नाही. परंतु त्यामागील विचार येथील रब्बीच्या शेतीला तंतोतंत लागू पडतो.

सेंद्रिय खतातील नत्र पिकाला थेट मिळत नाही. जमिनीतील सूक्ष्म जीव ते खत कुजवितात, तेव्हा ते मोकळे होते. या जीवांना ओल हवी आणि ऊब हवी. ढोबळमानाने तपमान दहा अंशांनी उतरले की त्यांचे काम निम्म्यावर येते. म्हणून पौषात कोरड्या, गार जमिनीवर टाकलेले खत त्या हंगामाच्या उपयोगी पडत नाही. तेच खत पावसाची ओल असताना, नवरात्राच्या आसपास मातीत मिसळले तर थंडी येईपर्यंत त्याचे काम सुरू झालेले असते.

युरियात नत्र ४६ टक्के, निंबोळी पेंडीत सुमारे ५ टक्के आणि शेणखतात जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे एक टन शेणखतातून पाच किलो नत्र, आणि त्यातलेही पहिल्या पिकाला साधारण एक-तृतीयांशच मिळते. केवळ कागदावर हिशेब मांडणाऱ्याला हा व्यवहार तोट्याचा वाटेल. परंतु उरलेला वाटा पुढील पिकांसाठी शिल्लक राहतो. शिवाय सेंद्रिय द्रव्यामुळे जमीन ओल धरून ठेवते. रब्बी ज्वारी ही साठलेल्या ओलीवर जगणारी. तिच्यासाठी ही ओल नत्राहून मोलाची आहे. सावकाशपणाचे महत्त्व शासनानेही ओळखले असून २०१५ मध्ये देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचे आवरण देणे बंधनकारक करण्यात आले.

दोष खतात नाही, ते हाताळण्याच्या रीतीत आहे. गाड्या रिकाम्या करून शेतात छोटे छोटे ढीग घालायचे आणि ते आठवडेच्या आठवडे उन्हात तसेच ठेवायचे, हे दृश्य गावोगावी दिसते. त्या ढिगांतील नत्राचा मोठा भाग वायुरूपाने उडून जातो. ज्या दिवशी पसरावयाचे त्याच दिवशी वखराने मातीत मिसळावे. अर्धवट कुजलेले शेण तर घालूच नये. त्याबरोबर तणांचे बी येते, हुमणी येते, आणि ते कुजविण्यासाठी सूक्ष्म जीव जमिनीतलेच नत्र खर्ची घालतात. मग खत घालूनही पीक पिवळे दिसते आणि शेतकऱ्याचा विश्वास उडतो.

खत आणावयाचे कोठून, हा खरा प्रश्न. जनावरे कमी झाली, शेण गोवऱ्यांत जाते. चुलीला सरपण हवेच. त्यासाठी गृहिणीला दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही. पण बांधावर पेटविल्या जाणाऱ्या पऱ्हाटीला ती सबब लागू नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे, जालन्यासारख्याच काळ्या मातीच्या व कापसाच्या मुलखात, कंपोस्टची पद्धत बसविली. पऱ्हाटी व तुराट्या टणक असतात, लवकर कुजत नाहीत; यावर त्यांनी काढलेला उपाय साधा होता. शेतावरच्या रस्त्यावर त्या पसरावयाच्या आणि गाड्यांच्या चाकांखाली चुरडू द्यावयाच्या. आज हे काम ट्रॅक्टरची चाके किंवा कुट्टीयंत्र करू शकेल. मात्र पऱ्हाटीचे गंज बांधावर रचून ठेवू नयेत; त्यांवर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते. वेचणी संपताच चुरा करणे उत्तम.

पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांची ‘नाडेप’ पद्धत या चुऱ्यास सोयीची आहे. विटांचे दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींना हवेची भोके असलेले टाके. त्यात काडीकचरा, थोडे शेण आणि माती यांचे थर. साधारण तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. उन्हाळ्यात टाके भिजविण्यास पाणी मिळणे या जिल्ह्यात कठीण. म्हणून मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर ते भरावे, म्हणजे नवरात्राच्या सुमारास खत हाती येते. गहू-हरभऱ्याच्या पेरणीस ते नेमके वेळेवर मिळते. लवकर पेरावयाच्या ज्वारीसाठी आदल्या वर्षीचे राखून ठेवावे लागेल.

मोसंबीला मात्र हे वेळापत्रक लावू नये. आंबे बहार धरावयाचा तर झाडाला थंडीत ताण द्यावा लागतो. त्या काळात खत-पाणी दिले तर ताण मोडतो, पालवी फुटते आणि बहार हातचा जातो. तेथे कुजलेले खत व निंबोळी पेंड ताण सोडतानाच द्यावी. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. नव्याने लावलेल्या बागांच्या आळ्यांत सेंद्रिय द्रव्य किती आहे, हे म्हणूनच पाहिले पाहिजे. बदनापूर येथील मोसंबी संशोधन केंद्राचा सल्ला यासाठी हाताशी आहे.

राहिले शाळेचे पटांगण. आश्विनात चाळलेल्या कंपोस्टचा बोटाच्या पेरापेक्षाही पातळ थर हरळीवर पसरून पाणी शिंपडावे.  पटांगणाचा एक तुकडा खताविना राखून ठेवला, तर उन्हाळी पावसाच्या पहिल्या सरीनंतर कोणती बाजू आधी हिरवी होते, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.