मण्याचं भोक

मी दागिने करते हे कळलं की लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात. मणी घेताना आधी काय बघतेस, रंग की आकार? खरं उत्तर दिलं की हसतात. मी भोक बघते. आज त्या भोकाबद्दलच बोलायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी मलाही रंगच दिसायचा. पुण्यात रविवार पेठेत मण्यांच्या दुकानात शिरलं की डोळे फिरायचे. आत्याच्या साठीसाठी मी तिथून कार्नेलियनचे, म्हणजे लाल अकीकाचे, ४४ मणी आणले आणि झकास माळ ओवली. कार्यक्रमात आत्या नमस्काराला वाकली आणि माळ तुटली. हॉलभर मणी. पोरांनी खुर्च्यांखाली शिरून ४१ शोधले. आत्या म्हणाली, "जाऊ दे गं, दृष्ट गेली." मला मात्र झोप लागेना.

घरी येऊन दोरा भिंगाखाली धरला. तो एका जागी तुटला होता, पण आणखी बऱ्याच जागी विसविशीत झाला होता, आणि त्या जागा साधारण सारख्या अंतरावर होत्या. आमच्या धंद्यात असा पॅटर्न दिसला की योगायोगावरचा विश्वास उडतो. मणी एकेक करून तपासले तेव्हा कळलं की दोऱ्याची काही चूक नव्हती. भोकांच्या कडा ब्लेडसारख्या होत्या.

त्याचं असं आहे. कार्नेलियन म्हणजे क्वार्ट्झच्या कुळातला दगड, कडकपणा ७ च्या आसपास. सुरीच्या पात्याने ओरखडा उठत नाही. हा दगड एकाच बाजूने आरपार भोसकला तर दुसऱ्या बाजूला टवका उडतो. म्हणून अर्धं भोक इकडून पाडायचं, मणी उलटा करून अर्धं तिकडून. दोन्ही भोकं मध्ये नीट भेटली तर उत्तम. नाही भेटली तर आत एक पायरी राहते, आणि घालणारी हलली की दोरा त्या पायरीवर करवतीसारखा घासतो.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये सुई आणि मोबाइलचा टॉर्च. (टॉर्च काय, असतोच.) सुई आत घालून फिरवायची, अडकते का बघायचं. मग उजेड पाडून भोकात बघायचं. रंगवलेला दगड असेल तर रंग भोकाच्या काठाशी आणि भेगांमध्ये जास्त गडद साचलेला दिसतो. 'फिरोजा' म्हणून स्वस्तात मिळणारे मणी बऱ्याचदा रंगवलेले हाउलाइट असतात. भोकाशी खरवडलं की आत पांढरं. काचेच्या मण्यात आत पांढरट पूड दिसली तर तो बहुधा सळईवर वितळती काच गुंडाळून केलेला. काच सळईला चिकटू नये म्हणून मातीचा लेप देतात, त्याची ती पूड. उत्तर प्रदेशात पुरदिलनगरला असे मणी होतात. आणि प्लॅस्टिकच्या मण्याला साच्याची रेघ असते, ती बरेचदा भोकापाशीच सापडते. बाहेरून पॉलिश करून काहीही दाखवता येतं, भोकाला पॉलिश कोण करणार?

दागिने गाठवणारे एक काका आहेत, ते भोकाला 'वेज' म्हणतात. मी तुटलेली माळ नेली तेव्हा त्यांनी दोऱ्याकडे बघितलंही नाही. "वेज खराब आहे," एवढंच म्हणाले. मग हिऱ्याच्या भुकटीची बारीक कानस पाण्यात बुडवून काठ कसा मारायचा आणि दोन मण्यांमध्ये गाठ कशी बसवायची, ते दाखवलं.

इथवर आल्यावर माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. म्हटलं, भोक आपणच पाडू. माझं आजोळ नेवाशाचं. तिथे प्रवरेच्या पात्रात अकीक आणि जास्परचे गोटे सापडतात. अश्मयुगातल्या माणसांनी त्यांचीच हत्यारं केली होती. आपल्या बेसाल्टमधल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये सिलिका थराथराने साचून हे दगड तयार झाले. लहानपणी जमवलेला एक गोटा घेतला, हातातलं छोटं ड्रिल आणलं आणि बाल्कनीत बसले. पाऊण तास, दोन बिट खलास. भोक पडलं, पण तिरकं. आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी भुकटी. आई चिडली, ते ठीक आहे. पण रात्री माझा घसा खवखवत होता म्हणून मी शोधलं की हे पाण्यात का करायला सांगतात. तेव्हा पहिल्यांदा सिलिकोसिस हा शब्द वाचला.

आपल्याकडे मिळणाऱ्या कार्नेलियनच्या मण्यांचं मोठं गाव म्हणजे गुजरातमधलं खंभात. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या बाजूने कच्चा दगड यायचा. तो उन्हात वाळवून मडक्यात भाजतात, मग त्यातल्या लोहामुळे लाल रंग चढतो. टोकाला हिऱ्याच्या कणी बसवलेल्या सामत्याला धनुष्यासारखं दांडकं लावून वेज पाडायची पद्धत तिथली. ही कला हडप्पाकाळापासूनची आहे. लोथलला मण्यांचा कारखाना सापडला आणि सिंधू संस्कृतीतले लाल मणी इराकमध्ये उर इथल्या राजघराण्याच्या थडग्यांपर्यंत पोहोचले होते. आपलाही यात हात आहे बरं का. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून गाड्या भरून अकीकासारखा दगड भरूचला जात असल्याचा उल्लेख आहे.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं आणि फुशारकीने सांगायचेही. माहीत नव्हतं ते हे, की दगड विजेच्या चाकावर घासताना उडणारी सिलिकाची धूळ इतकी बारीक असते की फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिथे व्रण होतात, ते भरून येत नाहीत. सिलिकोसिसवर बरं करणारं औषध नाही आणि क्षयाचा धोका वाढतो, तो वेगळाच. काम घराघरांत चालतं, म्हणून जे दगडाला हातही लावत नाहीत त्या बायकामुलांच्या आणि शेजाऱ्यांच्या छातीतही ती धूळ जाते. खंभातच्या कारागिरांवर याचे अभ्यास झालेले आहेत. कायद्याने हा आजार नोंदवण्याजोगा आहे, पण घरातला चाक-पट्टा 'कारखाना' ठरत नाही.

माझ्या माळेतला मणी मला १२ रुपयांना पडला होता. मी घासाघीस करून १५ चे १२ केले होते.

मग घेणंच बंद करायचं का? मी चार महिने केलं. पण ऑर्डर थांबली तर आधी कारागिराची मजुरी जाते, त्याची धूळ थांबत नाही. पाण्याखाली घासणं, धूळ ओढून घेणारे पंखे हे उपाय आहेत, त्यांना पैसे लागतात, आणि ते पैसे १२ रुपयांत बसत नाहीत. दुकानदाराला विचारते, हा माल ओला घासलेला की कोरडा? तो म्हणतो, "मॅडम, आम्हाला व्यापारी देतो." दर वेळी हेच उत्तर. तरी विचारते. दगडाच्या मण्यांवर घासाघीस सोडली आहे. नवीन कमी घेते, नातेवाइकांच्या कपाटातल्या तुटलेल्या माळा मागून आणते. स्वतः काहीही घासताना पाणी आणि एन-९५, दोन्ही. हे पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही.

आत्याची माळ परत ओवली. ४१ जुने मणी, सगळ्यांचे काठ मारलेले, मध्ये गाठी, आणि मधोमध नेवाशाचा तो गोटा. वेज तिरकं असल्यामुळे तो जरा कलून बसतो. आत्या बोटाने सरळ करते, तो पुन्हा कलतो.

पुढच्या भागात दोऱ्यांबद्दल बोलू: रेशीम, नायलॉन आणि कुठला कशाला. भेटूच!