रुद्रमादेवी : काकतीयांची सोयरीक आणि सिंहासन



मध्ययुगीन राजघराण्यांत सोयरीक ठरत असे ती पत्रिकेइतकीच सैन्य, सरहद्द आणि महसूल पाहून. वरंगळचे काकतीय नृपती गणपतिदेव हे या शास्त्रात निष्णात होते. तारुण्यात देवगिरीच्या यादवांच्या बंदिवासात राहून ११९९ मध्ये ते सिंहासनावर आले. कृष्णेच्या मुखाकडील वेलनाडू प्रांत जिंकल्यावर त्यांनी तेथील अय्य घराण्यातील नारम्मा आणि पेरम्मा या भगिनींचे पाणिग्रहण केले व त्यांचा बंधू जायप याला गजदळाचा अधिपती नेमले. पराभूत घराणे राजाचे आप्त झाले, बंडाचे निमित्तच संपले! (हाच जायप पुढे 'नृत्तरत्नावली' हा संस्कृत ग्रंथ लिहिता झाला. सेनापतीने नृत्यशास्त्र लिहावे, असा तो काळ होता.) कन्या गणपांबा धरणीकोटच्या कोट घराण्यातील बेत याला दिली. पतीच्या पश्चात तिने तेथील कारभार स्वतः सांभाळला.

परंतु गणपतिदेवांना पुत्र नव्हता. दुसरी कन्या रुद्रमा हीच वारस. येथे सोयरिकीचे गणित नेमके उलटे होते. बलाढ्य जामात आणावा, तर राज्य त्याच्या कुळाचे होणार. म्हणून निडदवोलूच्या पूर्व चालुक्य शाखेतील वीरभद्र निवडला गेला. कुळ प्राचीन, प्रतिष्ठा मोठी, सत्ता मात्र बेताची. पुढील राज्यकारभारात वीरभद्राचे नाव ठळकपणे कोठेच येत नाही. पित्याची योजना अचूक ठरली, असेच म्हणावे लागेल.

१२६२ च्या सुमारास राज्यसूत्रे पूर्णतः रुद्रमादेवींच्या हाती आली. अनेक लेखांत त्यांचा उल्लेख 'रुद्रदेव महाराज' असा पुल्लिंगी आहे. जुन्या सरंजामी घराण्यांच्या निष्ठेवर विसंबून न राहता लष्करी सेवेच्या मोबदल्यात नायकांना महसुलाचा अधिकार देण्याची पद्धत त्यांच्या व त्यांच्या वारसाच्या काळात रूढ झाली. जन्मापेक्षा पराक्रम पाहून माणसे वर आली.

देवगिरीच्या महादेवराव यादवांशी त्यांचा संग्राम झाला, तो मराठी माणसाने विशेष लक्षपूर्वक पाहावा. हेमाद्रिपंडित लिहितात की, महादेवाने आंध्रांच्या राणीला स्त्री म्हणून सोडून दिले. तेलुगू परंपरा सांगते की, राणीनेच यादवसैन्याला देवगिरीपर्यंत पिटाळले. दोन्हीकडे दरबारी अभिमान आहे. मात्र बीदरच्या किल्ल्यात सापडलेल्या खंडित कन्नड शिलालेखात रुद्रमादेवींची बिरुदे कोरलेली आहेत. 'सोडून दिलेल्या' राणीची बिरुदे यादवांच्या मुलुखाच्या इतक्या जवळ कशी कोरली जातील? हेमाद्रींविषयी आदर राखूनही पारडे येथे वरंगळकडे झुकते.

रुद्रमादेवींनाही पुत्र नव्हता. कन्या मुम्मडम्मा हिचा पुत्र प्रतापरुद्र यास त्यांनी दत्तक घेतले. दौहित्र पित्याच्या कुळाचा, दत्तकविधानाने मात्र तो काकतीय झाला. सिंहासन दोन पिढ्या कन्यांच्या मार्गाने गेले, तरी राजवंशाचे नाव बदलले नाही. १३२३ पर्यंत त्यानेच राज्य केले.

उतारवयात कायस्थ सामंत अंबदेवाने बंड पुकारले. त्याच संघर्षात राणी रणभूमीवर कामी आल्या, असा अभ्यासकांचा कयास आहे. तेलंगणातील चंदुपटला गावी २७ नोव्हेंबर १२८९ चा एक शिलालेख आहे. राणी आणि त्यांचे सेनानी मल्लिकार्जुन नायक यांना शिवलोक प्राप्त झाल्याचे त्यात नमूद असून, त्यांच्या पुण्यार्थ देवाला जमीन अर्पण केली आहे. दान देणारा कोणी सामंत वा आप्त नव्हे. पुव्वुल मुम्मडी नावाचा पायदळातील तो एक सैनिक होता.