सम्राटाची भाषा आणि शिपायांची भाषा

चीनचा अखेरचा सम्राट पू-यी याने आपल्या आत्मचरित्रात एक कबुली दिली आहे. लहानपणी राजवाड्यात त्याला कित्येक वर्षे मांचू भाषेचे पाठ देण्यात आले. परंतु तिची मुळाक्षरेसुद्धा त्याला कधी आली नाहीत. त्याला एकच शब्द येत असे, तो म्हणजे 'इली', अर्थात 'ऊठ'. मांचू सरदार पुढ्यात गुडघे टेकून एक ठरावीक मांचू वाक्य म्हणत आणि त्यावर बालसम्राटाने हा शब्द उच्चारावयाचा, असा दरबारी रिवाज होता. ज्या घराण्याने १६४४ पासून १९१२ पर्यंत चीनवर राज्य केले, त्याची ही मातृभाषा! एवढे साम्राज्य पाठीशी असताना ती गेली कोठे, आणि कोठे टिकून राहिली असेल तर ती कोणामुळे, हे आज सांगावयाचे आहे.

चीन म्हणजे एकभाषी, एकवंशी लोकांचा देश, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक तेथील सरकारने हान या बहुसंख्य समाजाखेरीज आणखी ५५ जमातींना मान्यता दिलेली आहे. मांचू त्यांपैकीच एक. ईशान्येकडील अरण्यांतून आणि नद्यांच्या खोऱ्यांतून आलेल्या या लोकांजवळ सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्वतःची चालू लिपी नव्हती. पत्रे मंगोल भाषेत लिहावी लागत. त्यांचा नेता नुरहाची याने १५९९ मध्ये एर्देनी आणि गागाई या दोघा विद्वानांना मांचू भाषेसाठी लिपी सिद्ध करण्याची आज्ञा केली. मंगोल लेखनाची जुनी वहिवाट मोडणे कठीण, अशी सबब त्यांनी पुढे केली. त्यावर नुरहाचीने केलेला युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. चिनी मजकूर वाचून दाखविला तर अडाणी चिन्यालाही कळतो, मंगोल मजकूर मंगोलाला कळतो. मग आमच्याच माणसांना आमचे लेखन का कळू नये? या प्रश्नाला उत्तर नव्हते. मंगोल अक्षरे घेऊन काम सुरू झाले. पुढे १६३२ मध्ये दाहाई नावाच्या भाषांतरकाराने त्या अक्षरांना टिंबे आणि वर्तुळे जोडून सारख्या दिसणाऱ्या ध्वनींतील गोंधळ दूर केला आणि त्याच वर्षी, अनेक भाषांतरे अपुरी टाकून, तो वारला. वरून खाली लिहिली जाणारी आणि डावीकडून उजवीकडे सरकणारी ही लिपी दूरच्या नात्याने पश्चिम आशियातील अरामी लिपीची वंशज होय.

मांचू ही काही केवळ शोभेची राजभाषा नव्हती. १६८९ मध्ये रशियाशी नेर्चिन्स्क येथे तह झाला, त्याची मुख्य प्रत लॅटिन भाषेत होती आणि सोबतच्या प्रती रशियन व मांचू भाषांत. चिनी भाषेत नव्हती. सम्राट कांग-शी जेझुइट पाद्र्यांकडून भूमिती शिकला, तीही मांचूतून. सरहद्दीवरील लष्करी खलिते बहुधा याच भाषेत जात. असे असूनही अठराव्या शतकात चीनमधील शहरोशहरी ठाणी देऊन राहिलेले मांचू शिपाई घरीदारी चिनी बोलू लागले. भोवताली हान प्रजेचा अथांग समुद्र, त्यात हे मूठभर! सम्राट च्येनलुंग याने मांचू न येणाऱ्या अधिकाऱ्यांना वारंवार खडसावले. मांचू, तिबेटी, मंगोल, उईगूर आणि चिनी या पाच भाषांचा प्रचंड कोश तयार करविला. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला त्याच्या त्या ताकिदी वाचताना किंचित हसू येते. तीच ताकीद वारंवार द्यावी लागते तेव्हा तिचे काय होत असते, हे आम्हांला ठाऊक आहे.

परंतु याच च्येनलुंगच्या एका हुकुमाने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, भाषा वाचली. झुंगार मंगोलांचा निःपात करून त्याने १७५० नंतरच्या दशकात इली नदीचे खोरे जिंकले होते. ती ओसाड सरहद्द राखण्यासाठी १७६४ साली मुकदेन, म्हणजे आजचे शेनयांग, आणि त्याच्या आसपासच्या ठाण्यांतून सिबे जमातीचे सुमारे एक हजार शिपाई बायकामुलांसह रवाना झाले. हे सिबे मुळात मांचू नव्हेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस मांचू सैन्यात घेतले गेल्यावर त्यांनी ती भाषा आपलीशी केली होती. चौथ्या चांद्रमासाच्या अठराव्या तिथीला आप्तांबरोबर निरोपाचे जेवण झाले आणि चार हजारांहून अधिक माणसे मंगोलियाच्या पठारावरून पश्चिमेला निघाली. वाटेत हिवाळा काढावा लागला, जनावरे दगावली, मुले जन्मली. इलीला पोचेपर्यंत सुमारे पंधरा महिने लोटले. आजही सिबे लोक त्या तिथीला सण पाळतात.

इलीच्या दक्षिण तीरावर त्यांच्या आठ वस्त्या झाल्या. प्रत्येक वस्ती म्हणजे सैन्याची एक तुकडी. तिला 'निरू', म्हणजे बाण, असे नाव. माणसे वाढली, जमीन अपुरी पडू लागली. तेव्हा तुबोत नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याने १८०२ मध्ये नदीचे पाणी वळविण्यासाठी कालवा खणण्यास आरंभ केला. हे काम सहा-सात वर्षे चालले. त्या छापछाल कालव्याच्या पाण्यावर सिबे गावे उभी राहिली, आणि १९५४ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या स्वायत्त जिल्ह्यालाही तेच नाव मिळाले. माझ्या मते भाषा टिकली ती या कालव्याच्या काठी. शेजारी कझाक, उईगूर. त्यांच्याशी व्यवहार त्यांच्या भाषेत. परंतु घर, शेत आणि पलटण ही तिन्ही एकाच तटाच्या आत असल्यामुळे तेथे दुसऱ्या भाषेचे कामच पडले नाही.

सिबे घरांत 'शिरिन मामा' नावाची एक कुलदेवता असते. यातील 'मामा' म्हणजे आजी. आपल्या मामाशी त्या शब्दाचा संबंध नाही. ही देवता म्हणजे एक लांब दोरी. मुलगा झाला की तिला चिमुकले धनुष्यबाण बांधावयाचे, मुलगी झाली की रंगीत कापडाची चिंधी. आणि नवी पिढी सुरू झाली की मध्ये मेंढीच्या घोट्याचे हाड ओवावयाचे. वर्षभर ही दोरी पिशवीत असते. वर्षाखेरीस ती काढून घरात एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून बांधतात. निरक्षर आजीलाही वाचता येईल अशी ही वंशावळ आहे.

बीजिंगच्या ऐतिहासिक दप्तरखान्यात मांचू भाषेतील सुमारे वीस लाख कागद आहेत. ते चिनी कागदांच्या नकलाच असतील, या समजुतीने इतिहासकारांनी त्यांकडे दीर्घकाळ पाठ फिरविली. पुष्कळ कागदांना चिनी जोड मुळीच नाही, हे पुढे उघडकीस आले. ते वाचणार कोण? मांचू म्हणून नोंदलेले लोक आज एक कोटीहून अधिक आहेत. पण ती भाषा जन्मतः बोलणारे ईशान्येकडील खेड्यांत थोडे वृद्ध तेवढे उरले. तेव्हा वाचकांमध्ये आणि भाषांतरकारांमध्ये सिबे आले. त्यांची बोली जुन्या मांचूहून बदललेली आहे, आणि १९४७ मध्ये त्यांनी लिपीतही थोडी सुधारणा केली. तरी तो धागा तुटलेला नव्हता.

आणि ज्या सिबेंना १७६४ मध्ये घर सोडावे लागले नाही, त्यांचे काय झाले? त्यांचे वंशज संख्येने अधिक आहेत, ल्याओनिंग प्रांतात आहेत, आणि चिनी बोलतात. इलीकाठी सिबे लिपीत वृत्तपत्र निघत आले आहे. तथापि तेथील मुलांचेही शिक्षण आता प्रामुख्याने चिनी भाषेतून होते, आणि नातवंडे आजीच्या सिबे प्रश्नाला चिनीत उत्तर देऊ लागली आहेत.