आकड्यांची साक्ष
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आमचा पेशा शिक्षकाचा. बारावीनंतर मुलाला कोणत्या मार्गाला लावावे हे विचारावयास पालक येतात, तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर आणि संगणक या तीन शब्दांपलीकडे बोलणे सहसा जात नाही. वाणिज्य शाखेच्या मुलाकडे तर घरचे लोकही जरा उणेपणाने पाहतात. म्हणून आज त्याच शाखेतून फुटलेल्या एका विद्येची ओळख करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे. इंग्रजीत तिला फोरेन्सिक अकाउंटिंग म्हणतात. आपण तिला न्यायसहायक हिशेबतपासणी म्हणू. हिशेबातील लबाडी शोधून काढणे आणि ती न्यायालयात टिकेल अशा पुराव्याने मांडणे, हे तिचे काम.

हिशेब, जमा, खर्च, रक्कम, बाकी, वसूल हे आपले रोजचे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि येथलेच होऊन गेले. 'अमानत' हा शब्द त्याच वाटेने आला आणि 'अफरातफर' हाही! जेथे अमानत असते तेथे अफरातफरीचे भयही असते, हे जुन्या दफ्तरदारांना ठाऊक होते. कुराणातील सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याविषयीच आहे. मुदतीचे कर्ज असेल तर ते लिहून ठेवावे व साक्षीदार घ्यावेत, असा तिचा आशय आहे. लिहून ठेवणे किंवा पडताळून पाहणे हा अविश्वास नव्हे. ती विश्वासाची राखण आहे. आमच्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. आपल्या याच हैदराबादेत १९८७ मध्ये सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी निघाली. २००८ च्या सप्टेंबरात उत्तम कारभाराबद्दल तिला 'गोल्डन पीकॉक' पारितोषिक मिळाले. आणि ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की, वह्यांत दाखविलेल्या रोख व बँकशिलकेपैकी तब्बल ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. त्या नसलेल्या पैशांवर ३७६ कोटींचे व्याजही येणे दाखविले होते! एका तिमाहीचा नफा ६४९ कोटी दाखविला होता. खरा होता ६१ कोटी. कंपनीत पन्नास हजारांहून अधिक माणसे नोकरीला होती. त्यांच्या घरांत त्या रात्री चूल कशी पेटली असेल, याचा विचार आपणच करावा. २०१५ च्या एप्रिलमध्ये विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. त्यावर पुढे अपिले झाली.

आता प्रश्न असा, की हिशेबतपासनीस असता हे घडले कसे? बँकेत शिल्लक किती, याचा दाखला तपासनिसाने थेट बँकेकडून मागवावयाचा असतो. येथे कंपनीने आणून दिलेल्या कागदांवर विसंबून राहिले गेले. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्याच हाती उत्तरपत्रिका तपासावयास दिली, तर निकाल काय लागणार? या विद्येचा पहिला धडा हाच: पुरावा मूळ ठिकाणाहून घ्यावा, देणाऱ्याच्या हातून घेऊ नये.

दुसरा धडा आकड्यांचा. लॉगरिदमची कोष्टके येथील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. सायमन न्यूकम नावाच्या ज्योतिर्विदाने १८८१ मध्ये नोंदविले की, त्या पुस्तकाची पहिली पाने शेवटच्या पानांपेक्षा अधिक मळलेली असतात; म्हणजे लोकांना १ ने सुरू होणाऱ्या संख्या अधिक लागतात. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड याने वीस हजारांहून अधिक संख्या गोळा करून हे पडताळले. मोठ्या, नैसर्गिक रीतीने वाढलेल्या आकड्यांच्या राशीत सुमारे ३० टक्के संख्यांचा पहिला अंक १ असतो आणि ९ हा अंक केवळ साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. कारण सोपे आहे. शंभराचे दोनशे होईपर्यंत रक्कम दुप्पट व्हावी लागते व तोवर पहिला अंक १ च राहतो; नऊशेचे हजार होण्यास मात्र नवव्या हिश्शाची वाढ पुरते. खोटे आकडे मनाने रचणाऱ्याला ही उतरंड सहसा सांभाळता येत नाही.

याच जोडीला संगणक अनेक प्रश्न विचारतो. एकच बिल दोनदा फेडले आहे काय? मंजुरीची मर्यादा दहा हजारांची असता नऊ हजार आठशे, नऊ हजार नऊशे अशी बिले फार का? माल पुरविणाऱ्याचे आणि कारकुनाचे बँक खाते एकच कसे? सुटीच्या दिवशी मध्यरात्री नोंद कोणी केली? पूर्वी शंभरांतून पाच पावत्या पाहत. आता लाखो नोंदी एका बैठकीत चाळता येतात.

परंतु येथे आम्ही सावधगिरीचा इशारा देऊ इच्छितो. आकडा बोट दाखवितो. तो निकाल देत नाही. समजा, आपल्या संस्थेने सर्व विद्यार्थ्यांना पाच-पाच हजारांची शिष्यवृत्ती दिली, तर वहीत जिकडेतिकडे ५ हाच अंक दिसेल. त्यात लबाडी कोठे आहे? केवळ संगणकाच्या संशयावरून एखाद्या प्रामाणिक कारकुनावर ठपका ठेवणे हाही अन्यायच, आणि एकदा गेलेली अब्रू पावती फाडून परत मिळत नाही. म्हणून या विद्येत कायदा व माणसाचा स्वभाव हेही शिकावे लागतात. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाने तुरुंगातील विश्वासघातक्यांशी बोलून १९५३ मध्ये ग्रंथ लिहिला. कोणाला सांगता न येणारी अडचण, हाताशी असलेली संधी, आणि 'मी फक्त उसने घेतो आहे' अशी मनाची समजूत, या तीन गोष्टी जुळल्या की भला माणूसही घसरतो, असे त्याचे म्हणणे. यांपैकी संधी तेवढी आपल्या हाती आहे. ती बंद करणे हे त्या माणसावरही उपकारच होत.

शिक्षणाचा मार्ग आता खुला आहे. चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेचा या विषयाचा स्वतंत्र प्रमाणपत्र-अभ्यासक्रम तिच्या सभासदांसाठी आहे. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. परदेशी संस्थेची 'सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर' ही परीक्षाही आपल्याकडील पदवीधर देतात. पाया मात्र घरचाच हवा: जमाखर्चाचे पक्के ज्ञान, संख्याशास्त्र, एक्सेल व पायथॉन यांचा सराव, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाची ओळख. ज्या मुलीला चुकलेली बेरीज पाहून चैन पडत नाही, तिला या वाटेला अवश्य लावा.

शेवटी विश्वस्त मंडळींना एक विनंती. पुढील वर्षीच्या शिष्यवृत्त्यांपैकी एखादी या विद्येच्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी. आणि त्याचा पहिला पाठ आपल्याच दफ्तरावर द्यावा: त्याने बँकेकडून शिलकेचा दाखला थेट मागवावा, पावत्या ताडून पाहाव्यात आणि निष्कर्ष सर्वसाधारण सभेपुढे वाचावा. पन्नास वर्षे लोकांनी घामाचा पैसा आपल्या हाती विश्वासाने दिला. ज्या घरी हिशेब उघडा असतो, तेथे देणारा दुसऱ्यांदाही येतो. ही अमानत अशीच वाढत राहो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.