सुटका झाली, पुढे काय?

(मानवी हक्क दिनानिमित्त जालना येथे भरलेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषण)



तीन वर्षांपूर्वी आपल्या पत्रिकेत एक बातमी आली होती. अंबड तालुक्यातलं एक भिल्ल कुटुंब उसाच्या फडावरून सुटून घरी आलं. हंगाम संपला तरी ‘उचल फिटली नाही’ म्हणून मुकादमाने त्यांना कोपीतच अडवून ठेवलं होतं. ती बातमी मीच लिहिली होती. आपल्यापैकी अनेकांनी कौतुकाची पत्रं पाठवली, देणग्याही पाठवल्या. पुढच्या दिवाळीनंतर तेच कुटुंब दुसऱ्या मुकादमाची उचल घेऊन पुन्हा ऊसतोडीला गेलं. ही बातमी मात्र मी लिहिली नाही. लाज वाटली. आज सांगतो.

नंतर त्यांच्या घरी गेलो तेव्हा ती बाई म्हणाली, “दादा, तुम्ही आम्हाला आणलं खरं, पण आषाढात चूल कशावर पेटवायची?” रेशनकार्डावर लेकरांची नावं नव्हती, पावसात काम नव्हतं आणि धाकट्याला टायफॉइड झाला. रोख पैसे घेऊन दारात आला तो मुकादमच.

तसा कायदा आपल्या बाजूचा आहे. घटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर असलं कर्जच रद्द केलं, आणि ते वेठबिगारीचं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर नाही, सावकारावर टाकला. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. पण मला जास्त बोचतो तो १९८४ चा निकाल. खाणीतून सोडवून गावी आणलेले मजूर महिनोन्महिने तसेच वाऱ्यावर आहेत, असं पत्र नीरजा चौधरी या पत्रकार बाईंनी न्यायालयाला लिहिलं. पुनर्वसन नसेल तर सुटकेला अर्थ नाही, असं न्यायालयाने बजावलं. माझी बातमी त्यानंतर किती वर्षांनी छापून आली, ते तुम्हीच मोजा!

आमची चूक अगदी साधी होती. लेकरं भुकेली होती, म्हणून त्यांना लवकर घरी आणायची घाई केली. अधिकाऱ्यासमोर जबाब नोंदवला गेला नाही आणि प्रकरण ‘पैशाचा आपसातला वाद’ म्हणून मिटलं. जबाब नाही म्हणून मुक्ततेचं प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून सरकारी मदत नाही. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत आहे. पुढची १ ते ३ लाखांची रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. शिक्षा कधी होणार? तोवर घरात काय खायचं, हा प्रश्न योजना लिहिणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राबले. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. त्याविरुद्ध १९४५ मध्ये वारली उठले. पुढे वसईकडे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वेठबिगार सोडवले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. १९८२ मध्ये त्याच लोकांची श्रमजीवी संघटना उभी केली. मालक पुन्हा दारात आला तर माणूस एकटा नसे. १८३९ पासून गुलामगिरीविरुद्ध काम करणाऱ्या लंडनच्या संस्थेने १९९९ मध्ये पंडित दांपत्याला आपला पुरस्कार दिला. आपल्याला पुरस्कार नको, पण ती रीत घेण्यासारखी आहे.

म्हणून आता जबाब झाल्याशिवाय आम्ही फडावरून हलत नाही. मुकादमाच्या वहीचा फोटो घेतो. रेशनकार्डाचं काम पावसाआधी उरकतो. आणि आपल्याकडे मागणं आहे ते गाडीभाड्यासाठी नाही. आषाढ-श्रावणातल्या धान्यासाठी आणि वर्षभराच्या भेटींसाठी आहे. त्याचा फोटो छापता येत नाही, हे मला माहीत आहे. ‘किती सोडवले?’ असं विचारू नका. ‘किती परत गेले?’ असं विचारा. उत्तर देणं मला जड जाईल, तरी विचारा.

ते कुटुंब यंदाही गेलं आहे. मोठी मुलगी मात्र गेली नाही. ती हंगामी वसतिगृहात राहून सातवीत शिकते. निघण्यापूर्वी तिच्या आईने उचलीचा आकडा मुकादमाकडून वहीत लिहून घेतला, मुलीकडून दोनदा वाचून घेतला, आणि मगच अंगठा दिला.