पगाराआधी विचारायचे प्रश्न

अवजड गाडीचं लायसन मिळालं आणि आम्हा दोघींना दोन कामं चालून आली. एका ट्रकवर फेरीमागे पैसे, कमाई जास्त. दुसरा दुधाचा टँकर, पगार ठरलेला पण कमी.

आम्ही दोन्हीकडे विचारलं: विमा, फिटनेस चालू आहे का? माल उतरेपर्यंत खोळंबा झाला तर त्याचे पैसे मिळतील का? जादा माल भरला तर दंड कोण भरणार? रात्री मुक्काम, संडास कुठं? ट्रकवाले नुसते हसले. टँकरवाल्यांनी कागद समोर ठेवले.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम सांगितलं होतं. फेरीच्या हिशेबात मात्र झोपेवरच घाला येतो. घरचे म्हणाले, पैसा सोडला. आम्ही टँकर धरला. बायांनो, तुम्हीही आधी कागद मागा, मगच किल्ली घ्या.